विश्लेषण : ग्रॅहम बेल टेलिफोनचे जनक आणि कर्णबधिरांचे शिक्षकही… मग कर्णबधिर समाजाचा त्यांच्यावर रोष का?

टेलिफोनचा शोध कोणी लावला, याचे उत्तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल. पण खुद्द बेल स्वतःची ओळख संशोधक किंवा उद्योजक अशी करून देत नसत. कर्णबधिर मुलांचे शिक्षक, हीच ओळख त्यांनी आयुष्यभर सांगितली. त्यांची आई कर्णबधिर होती, पत्नीही कर्णबधिर होती. टेलिफोनमधून मिळालेल्या पैशाचा मोठा वाटा त्यांनी कर्णबधिरांच्या शिक्षणावरच खर्च केला. तरीही अनेक देशांतील कर्णबधिर समाजात बेल यांचे नाव आज रागाने घेतले जाते. असे का झाले? कर्णबधिर मुलांना कसे शिकवावे, यावर शिक्षकांमध्ये दीडशे वर्षांपूर्वी पेटलेला वाद नेमका काय होता? आणि आपल्याकडच्या शाळांशी त्याचा काय संबंध?

बेल यांच्या घरातले वातावरण कसे होते?

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. उच्चारशास्त्र हा या घराचा पिढीजात व्यवसाय. आजोबा अलेक्झांडर बेल लंडनमध्ये वक्तृत्व आणि शुद्ध उच्चार शिकवत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांचेही तेच काम. आई एलायझा मात्र कर्णबधिर होती. कानाला नळी लावून ती थोडेफार ऐकू शकत असे. तरीही ती उत्तम पियानो वाजवायची आणि मुलालाही तिनेच पियानो शिकवला.

घरातली इतर मंडळी त्या नळीत तोंड घालून मोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने वेगळा मार्ग शोधला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, घुमणाऱ्या आवाजात बोलायचा आणि ते तिला कळायचे. बोटांनी अक्षरे दाखवण्याची पद्धतही तो शिकला होता. घरात चार माणसे गप्पा मारत असली की आईशेजारी बसून तो त्या गप्पा बोटांनी तिच्यापर्यंत पोहोचवायचा. पुढे ज्या माणसाने हातांच्या भाषेला शाळेतून हद्दपार करण्यासाठी आयुष्य वेचले, त्याचे बालपण असे होते.

‘दृश्य वाणी’ म्हणजे काय?

वडिलांनी १८६७ मध्ये ‘व्हिजिबल स्पीच’ म्हणजे ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी प्रसिद्ध केली. मराठी वाचकाला ती समजायला सोपी आहे. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. ‘क’ वर्ग कंठातला, ‘च’ वर्ग टाळूचा, ‘ट’ वर्ग मूर्धन्य, ‘त’ वर्ग दातांचा आणि ‘प’ वर्ग ओठांचा. मेलव्हिल बेल यांच्या लिपीत हेच तत्त्व चित्रातून मांडले होते. प्रत्येक चिन्ह पाहिले की ओठ, जीभ आणि घसा कुठे, कसे ठेवायचे हे कळत असे. कोणत्याही भाषेतला ध्वनी त्यात लिहिता येई, असा त्यांचा दावा होता.

वडिलांनी ही लिपी सर्वांसाठी केली होती. तिचा उपयोग कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यासाठी करता येईल, हे मुलाने सिद्ध करायचे ठरवले. १८६८ मध्ये लंडनमधील एका लहान शाळेत त्यांनी कर्णबधिर मुलींवर हा प्रयोग केला. मुली काही दिवसांतच अनेक ध्वनी काढू लागल्या.

याच काळात घरावर आघात झाले. धाकटा भाऊ १८६७ मध्ये आणि मोठा भाऊ १८७० मध्ये क्षयाने गेला. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि कॅनडातील ब्रँटफर्ड येथे बिऱ्हाड हलवले.

शिक्षक म्हणून बेल कसे होते?

एप्रिल १८७१ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी बेल अमेरिकेतील बोस्टन येथे आले. सारा फुलर या मुख्याध्यापिका असलेल्या कर्णबधिरांच्या शाळेतील शिक्षकांना ‘दृश्य वाणी’ शिकवण्याचे काम त्यांना मिळाले होते. पाठोपाठ नॉर्दॅम्प्टनची क्लार्क शाळा आणि हार्टफर्डची शाळा येथेही त्यांनी शिक्षकांना धडे दिले. १८७२ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये स्वतःचे वर्ग सुरू केले आणि १८७३ मध्ये ते बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये जॉर्ज सँडर्स हा पाच वर्षांचा, जन्मतः कर्णबधिर मुलगा होता. बेल यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा तयार केला आणि त्यावर बोटांच्या पेरांवर व तळव्यावर मुळाक्षरे लिहिली. मोजा घातलेल्या हातावर एकेका अक्षराला स्पर्श करत शब्द तयार करायचे, अशी ती पद्धत. खेळता खेळता मुलगा इंग्रजी वाचायला शिकला. त्याचे वडील थॉमस सँडर्स हे चामड्याचे व्यापारी. त्यांनी पुढे बेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला.

दिवसा शिकवणी आणि रात्री विजेच्या तारांचे प्रयोग, असा बेल यांचा दिनक्रम होता. शिक्षक म्हणून ते लोकप्रिय होते. मूल काय करू शकत नाही यापेक्षा काय करू शकते इकडे ते लक्ष देत. कर्णबधिर मुलाला ‘मुका’ म्हणणे चुकीचे आहे, कारण त्याच्या स्वरयंत्रात दोष नसतो, हे त्यांनी सातत्याने मांडले. आज ‘मूकबधिर’ऐवजी ‘कर्णबधिर’ हा शब्द वापरण्यामागे तोच विचार आहे.

टेलिफोन आणि वर्गातील फळा यांचा संबंध काय?

संबंध थेट आहे. आवाज म्हणजे हवेतील कंपने. ही कंपने कागदावर किंवा काचेवर उमटवता आली, तर कर्णबधिर विद्यार्थ्याला स्वतःचा उच्चार डोळ्यांनी पाहता येईल आणि शिक्षकाच्या उच्चाराशी ताडून सुधारता येईल, असा बेल यांचा विचार होता. आज मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करताना पडद्यावर हलणारी वेडीवाकडी रेघ दिसते. बेल यांना तशीच रेघ हवी होती.

१८७४ मध्ये बोस्टनचे कर्णरोगतज्ज्ञ डॉ. क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना एका मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेल यांनी त्या कानाच्या पडद्याला जोडलेल्या हाडांना गवताची काडी बसवली. समोर काजळी धरलेली काच सरकत ठेवली. कानात बोलले की पडदा हले, हाडे हलत आणि काडी काचेवर रेघ ओढत जाई. इतका नाजूक पडदा त्यामानाने जड हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही? आणि चुंबकासमोर तो तुकडा हलला तर तारेतील वीजप्रवाह आवाजाप्रमाणेच कमीजास्त होईल. टेलिफोनची कल्पना इथून आकाराला आली.

७ मार्च १८७६ रोजी बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी, १० मार्चला, शेजारच्या खोलीतील सहायक थॉमस वॉटसन यांना तारेतून त्यांचे शब्द स्पष्ट ऐकू आले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी बेल यांना ओळखले आणि थांबून त्यांचे यंत्र पाहिले. त्यामुळे परीक्षकांचेही लक्ष तिकडे गेले. सम्राटांची ही ओळखही वर्गातलीच होती. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी बोस्टनमध्ये बेल यांचा कर्णबधिरांचा वर्ग पाहिला होता.

मेबल कोण होत्या?

बेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवणारे दुसरे गृहस्थ म्हणजे वकील गार्डिनर हबर्ड. त्यांची मुलगी मेबल पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू येणे कायमचे गेले. त्या काळी अशा मुलांना शाळेत उशिरा घेत आणि तोवर येत असलेले बोलणेही विसरले जाई. हबर्ड यांनी हे मान्य केले नाही. घरच्यांनी मुलीशी बोलणे थांबवले नाही आणि तिला ओठ वाचायला शिकवले. बोलणे शिकवणारी क्लार्क शाळा १८६७ मध्ये उभी राहिली, त्यात हबर्ड यांचा मोठा वाटा होता.

१८७३ मध्ये मेबल उच्चार सुधारण्यासाठी बेल यांच्याकडे येऊ लागल्या. ११ जुलै १८७७ रोजी दोघांचे लग्न झाले. टेलिफोन कंपनीतील स्वतःचे दहा शेअर ठेवून बाकी सगळे बेल यांनी लग्नाची भेट म्हणून पत्नीच्या नावे केले. मेबल ओठ वाचण्यात तरबेज होत्या, घरखर्च आणि पैशांचे व्यवहार त्याच पाहत आणि ऐकणाऱ्यांच्या जगात वावरत.

पुढचा सगळा वाद समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेबल यांना पाचव्या वर्षापर्यंत ऐकू येत होते. म्हणजे कान जाण्यापूर्वी भाषा डोक्यात पक्की बसलेली होती. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाकडे ही शिदोरी नसते.

शिक्षकांमधील वाद नेमका काय होता?

कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या दोन परंपरा युरोपात अठराव्या शतकापासून होत्या. पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने खुणांच्या साहाय्याने शिकवणारी शाळा काढली. जर्मनीत सॅम्युअल हायनिके यांनी बोलणे आणि ओठ वाचणे यावर भर दिला. पहिली सांकेतिक पद्धत, दुसरी मौखिक पद्धत.

अमेरिकेत आधी पॅरिसची परंपरा आली. थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांनी पॅरिसहून लॉराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाला सोबत आणले आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. तिथून शिकलेली मुले पुढे शिक्षक झाली. १८७०च्या सुमारास अमेरिकेतील कर्णबधिर शाळांतील सुमारे ४० टक्के शिक्षक स्वतः कर्णबधिर होते.

या शिक्षकांचे म्हणणे असे की, मुलाला आधी भाषा हवी. खुणांची भाषा त्याच्या डोळ्यांना सहज पकडता येते. त्या भाषेतून त्याला गणित, भूगोल, इतिहास, इंग्रजी सगळे शिकवता येते. बोलणे शिकवायचे तर जरूर शिकवा, पण त्यासाठी बाकीचे शिक्षण अडवून ठेवू नका.

बेल आणि मौखिक पद्धतीचे शिक्षक उलट सांगत. त्यांच्या मते जग बोलणाऱ्यांचे आहे. मुलाला बोलता आले नाही तर तो आईवडिलांपासून, शेजाऱ्यांपासून, नोकरीपासून तुटेल. खुणा सोप्या असल्याने त्या सापडल्या की मूल बोलण्याचे कष्ट घेणार नाही. म्हणून शाळेत खुणा नकोतच. बोटांनी अक्षरे दाखवण्याला बेल यांचा तितका विरोध नव्हता, कारण ती शेवटी इंग्रजीच होती. त्यांचा आक्षेप खुणांच्या स्वतंत्र भाषेला होता. गंमत अशी की ती भाषा त्यांना स्वतःला चांगली येत होती.

दोन्ही बाजूंना मुलांचे भलेच हवे होते. मतभेद होता तो भले कशात आहे, यावर. आणि ते ठरवताना कर्णबधिर माणसांचे मत किती मोजायचे, यावर.

मिलानमध्ये काय घडले?

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये बहुसंख्य इटली आणि फ्रान्सचे होते आणि मौखिक पद्धतीचे समर्थक होते. कर्णबधिर प्रतिनिधी फक्त एक, अमेरिकेचे जेम्स डेनिसन. मौखिक पद्धत श्रेष्ठ असल्याचा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर युरोपातील शाळांतून खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक झपाट्याने बाहेर गेले.

बेल या परिषदेला नव्हते. पण अमेरिकेत या विचाराला सर्वात मोठे बळ त्यांनीच दिले. टेलिफोनमुळे त्यांच्या शब्दाला वजन होते, हाताशी पैसाही होता. १८८० मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना ५० हजार फ्रँकचा व्होल्टा पुरस्कार दिला. त्यातून प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथल्या संशोधनाच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये कर्णबधिरत्वाविषयी माहिती गोळा करणारी ‘व्होल्टा ब्युरो’ ही संस्था. १८९० मध्ये बोलणे शिकवण्याच्या प्रसारासाठी त्यांनी शिक्षकांची संघटनाही स्थापन केली.

१८८३ चा निबंध इतका वादग्रस्त का?

नोव्हेंबर १८८३ मध्ये बेल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. शाळांच्या नोंदवह्यांतील आडनावे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की कर्णबधिर माणसे मोठ्या प्रमाणावर आपसांत लग्ने करतात आणि हे असेच चालले तर मानवजातीत कर्णबधिरांचा एक वेगळा वंश तयार होईल.

ही लग्ने का होतात? बेल यांचे उत्तर होते निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक. मुले एकत्र राहतात, एकच भाषा बोलतात आणि पुढे एकमेकांशी लग्न करतात. कायद्याने विवाहबंदी करण्याचा विचारही त्यांनी निबंधात तपासला, पण ती व्यवहार्य नाही असे म्हणून बाजूला ठेवला. त्याऐवजी मुलांना घराजवळच्या शाळांत ऐकणाऱ्या मुलांसोबत शिकवावे, खुणा बंद कराव्यात आणि कर्णबधिर शिक्षक नेमू नयेत, असे त्यांनी सुचवले.

निबंधाचा पायाच कच्चा होता. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा विज्ञानजगताला माहीत नव्हते. बेल यांनी मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील घराण्यांची वंशावळ वर्षानुवर्षे तपासली. तिथल्या काही गावांत कर्णबधिरांचे प्रमाण फार मोठे होते. पण ऐकणाऱ्या आईवडिलांना कर्णबधिर मूल कसे होते, याचे कोडे त्यांना सुटले नाही. आज आपण जाणतो की असे जनुक आईवडिलांमध्ये सुप्त असू शकते. याच बेटावर आणखी एक गोष्ट होती. तिथे ऐकणारी माणसेही खुणांची भाषा जाणत आणि कर्णबधिर माणूस वेगळा पडत नसे. बेल यांनी तिथे रक्ताची नाती मोजली, या गावपणाकडे मात्र धोक्याच्याच नजरेने पाहिले.

पुढे एडवर्ड ॲलन फे यांनी अमेरिकेतील ४,४७१ विवाहांचा अभ्यास करून १८९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. अपत्यांची माहिती मिळालेल्या विवाहांपैकी दहा टक्क्यांहून कमी विवाहांत कर्णबधिर अपत्य जन्मले होते. म्हणजे बेल यांनी वर्तवलेला धोका आकड्यांत दिसत नव्हता. विशेष म्हणजे या अभ्यासाला मदत बेल यांच्याच व्होल्टा ब्युरोने केली होती.

गॅलॉडेट विरुद्ध बेल, हा सामना काय होता?

एडवर्ड माइनर गॅलॉडेट हे हार्टफर्डच्या गॅलॉडेट यांचे चिरंजीव आणि वॉशिंग्टनमधील कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख. त्यांची आईही कर्णबधिर होती. दोघे बरीच वर्षे मित्र होते. १८८० मध्ये याच महाविद्यालयाने बेल यांना मानद पदवी दिली होती.

गॅलॉडेट मधल्या मार्गाचे होते. खुणाही हव्यात आणि ज्याला जमेल त्याला बोलणेही शिकवावे, असे त्यांचे मत. १८९१ मध्ये शिक्षक प्रशिक्षण विभागासाठी त्यांनी सरकारकडे ५ हजार डॉलर मागितले. बेल यांनी संसदेच्या समितीपुढे जाऊन विरोध केला. या विभागातून कर्णबधिर शिक्षक तयार होतील, ही त्यांची हरकत होती. अखेर विभाग सुरू झाला, पण प्रवेश ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये बेल त्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे विवाह या विषयावर बोलायला गेले. लग्नाचा निर्णय प्रत्येकाचा स्वतःचा आहे, त्यात कायद्याने ढवळाढवळ करण्याचा आपला हेतू नाही, असे त्यांनी सांगितले. सल्ला मात्र तोच दिला. जोडीदार ऐकणारा असावा.

मुलांवर त्याचा काय परिणाम झाला?

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील सुमारे ८० टक्के कर्णबधिर मुले खुणांशिवाय शिकत होती आणि कर्णबधिर शिक्षकांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आले होते.

ओठ वाचून शिकणे किती कठीण असते, हे आरशासमोर उभे राहून पाहता येईल. ‘पात’, ‘बात’ आणि ‘मात’ हे शब्द आवाज न करता उच्चारा. तिन्ही वेळा ओठ सारखेच दिसतात. ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ तर घशात तयार होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भावरून उरलेले ताडतो. ज्याला भाषाच येत नाही त्याने कशावरून ताडायचे?

अशी मुले वर्षानुवर्षे एकेक उच्चार घोटत राहिली. काहींना बोलणे चांगले जमले, त्याचा त्यांना आयुष्यभर उपयोगही झाला. पण अनेकांना धड बोलता आले नाही आणि त्या वर्षांत इतर विषयही राहून गेले. वर्गात खुणा केल्या म्हणून शिक्षा झाल्याच्या आठवणी अनेक देशांतील कर्णबधिर व्यक्तींनी सांगितल्या आहेत. मुलांनी मात्र वसतिगृहात, खेळाच्या मैदानात ती भाषा जिवंत ठेवली. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते जॉर्ज व्हेडिट्झ यांनी तर ती पुसली जाईल या भीतीने १९१३ मध्ये तिचे चित्रीकरण करून ठेवले.

मग हेलन केलर यांच्या आयुष्यातील बेल कोणते?

तेच बेल. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या अंध व कर्णबधिर हेलनला घेऊन वडील वॉशिंग्टनला बेल यांच्याकडे आले. बेल यांनी त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेकडे पाठवले. तिथून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका मिळाली. ती ३ मार्च १८८७ रोजी, योगायोगाने बेल यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, केलर यांच्या घरी पोहोचली. हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे लिहूनच तिने तिला भाषा दिली. बेल आणि हेलन यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. हेलन केलर यांनी १९०३ मध्ये आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले.

एकेका मुलासमोर बसलेले बेल प्रेमळ आणि लवचीक होते. त्या मुलाला जे साधन लागेल ते वापरत. संपूर्ण समाजासाठी धोरण सांगणारे बेल मात्र ताठर होते. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या सुप्रजननशास्त्राच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते मानद अध्यक्ष होते.

अखेरचे दिवस कसे गेले?

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथील घरी, वयाच्या ७५व्या वर्षी बेल यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. शेवटच्या क्षणी मेबल यांनी, मला सोडून जाऊ नका, असे विनवले तेव्हा बोलण्याची शक्ती उरली नसल्याने बेल यांनी बोटांच्या खुणेने नकार कळवला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पाच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये मेबल यांचेही निधन झाले.

आज शिक्षक काय मानतात?

१९६० मध्ये विल्यम स्टोको या भाषाभ्यासकाने अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आणि व्याकरण असल्याचे दाखवून दिले. खुणा म्हणजे नुसते हातवारे, हा समज तिथून मोडू लागला. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि त्यामुळे झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मिलाननंतर १३० वर्षांनी हे घडले.

म्हणून बेल यांचे सगळेच म्हणणे चुकीचे ठरले का? तसे नाही. मुलाला घरापासून तोडू नये, शेजारच्या मुलांसोबत शिकू द्यावे, शिक्षण लवकर सुरू करावे, या त्यांच्या आग्रहाचे आजच्या समावेशक शिक्षणाशी साम्य आहे. १८८३ ते १८८५ या काळात वॉशिंग्टनमध्ये त्यांनी एकाच इमारतीत ऐकणारी आणि कर्णबधिर मुले शिकतील अशी छोटी शाळाही चालवून पाहिली होती. नवजात बाळांची श्रवणचाचणी, डिजिटल श्रवणयंत्रे आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांमुळे आज अनेक मुले ऐकायला आणि बोलायला शिकतात. बेल यांच्या काळात हे शक्य नव्हते.

वाद अजूनही मिटलेला नाही. इम्प्लांट झालेल्या मुलाला केवळ बोलण्याचाच सराव द्यावा, असे काही तज्ज्ञ मानतात. मुलाला पहिल्या काही वर्षांत पूर्णपणे उमजेल अशी एक भाषा मिळालीच पाहिजे, नाहीतर ते नुकसान नंतर भरून निघत नाही, म्हणून खुणा आणि बोलणे दोन्ही द्यावे, असे द्विभाषिक पद्धतीचे समर्थक सांगतात.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८०च्या दशकात मुंबईत सुरू झाली, म्हणजे मिलानच्या परिषदेनंतर लगेचच. पुढची कित्येक दशके देशभरातील विशेष शाळांत मौखिक पद्धतीचेच वर्चस्व राहिले. २०११च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख आहेत. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या घरांत जन्माला येतात. त्यामुळे मूल खुणा शिकले तर बोलणार नाही, ही बेल यांच्या काळातली भीती आजही पालकांच्या तोंडून ऐकू येते.

धोरण मात्र बदलते आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात आज १० हजारांहून अधिक संज्ञा आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचा उल्लेख आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांच्यासाठी सर्वात योग्य भाषेत आणि माध्यमात शिक्षण मिळाले पाहिजे.

याच कायद्याच्या १७व्या कलमात आणखी एक तरतूद आहे. सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करावेत व नेमावेत, आणि त्यात दिव्यांग शिक्षकांचाही समावेश असावा, असे ते कलम सांगते. १८९१ मध्ये कर्णबधिर शिक्षक तयार होऊ नयेत म्हणून बेल अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहिले होते. आज भारतात असे शिक्षक तयार करणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी आहे. ती आपल्या तालुक्याच्या शाळेपर्यंत कधी पोहोचते, हा प्रश्न शिल्लक आहे.